नमुना घर, घरातले नमुने

गाडी पाच माणसांची होती आणि बसली होती सहा. त्यामुळे मैदानावर उतरल्याबरोबर प्रत्येकाने आधी अंगावरचे कपडे सारखे केले आणि मग चेहरा. मास्तर सगळ्यांत शेवटी उतरले. ते पुढे बसले होते, पण दार कुणीतरी उघडावं अशी त्यांची अपेक्षा होती आणि ते कुणाच्या लवकर लक्षात आलं नाही.

"आज निकाल लावायचा," ते म्हणाले. "तयार घर की आखलेलं घर. घरी जाताना मला एकच उत्तर पाहिजे."

"हो बाबा," थोरला म्हणाला.

"हो बाबा," त्याची धाकटी बहीण म्हणाली. चाळिशी उलटली तरी तिला सगळे बेबीच म्हणत.

मास्तरांना 'हो' म्हणायची त्या घराला जुनी सवय. शिंपी गळ्यात टेप अडकवून पुढ्यात आला की माणूस न सांगता हात वर करतो, तसं ते 'हो' यायचं. रस्ता रुंद करताना मास्तरांचं शिवणाचं दुकान गेलं, दुकानावरचं घर गेलं आणि तेव्हापासून ते आणि आई थोरल्याच्या फ्लॅटमध्ये तात्पुरते राहत होते. मास्तरांना आतली लहान खोली आणि आईंना हॉलमधला दिवाण. 'तात्पुरतं' हा शब्द त्या फ्लॅटमध्ये इतका वापरून झाला होता की त्याची शिवण उसवली होती.

गावाबाहेरची जागा मास्तरांनी चलतीच्या काळात घेऊन ठेवली होती. तिथे एकच मोठं घर बांधायचं आणि त्यात सगळ्यांनी राहायचं: आपण दोघं, थोरला आणि सून, बेबी आणि जावई. मास्तरांनी हे जाहीर केलं तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. घर कसलं, एवढंच काय ते ठरायचं राहिलंय, असं मास्तर समजत होते.

मैदानावर तयार घरं विकणाऱ्या एका कंपनीने दोन नमुना घरं उभी केली होती. मोठ्याचं नाव 'सहजीवन', धाकट्याचं 'विसावा'. दारात गळ्यात ओळखपत्र अडकवलेली कंपनीची मुलगी उभी होती. तिने पाठ केलेलं हसू काढलं.

"या ना! तुमच्या स्वप्नातल्या घरात तुमचं स्वागत."

"स्वप्न राहू दे," मास्तर म्हणाले. "भिंती दाखव."

भिंती होत्या. भिंतींशिवाय तिथे खरं असं फारसं काही नव्हतं. टीव्ही पुठ्ठ्याचा होता. कपाटातल्या पुस्तकांना फक्त पाठी होत्या. टेबलावरची सफरचंदं मेणाची निघाली. आईंनी स्वयंपाकघरातला नळ सोडून पाहिला, तर त्यातून हवासुद्धा आली नाही.

"पाणी नाही," आई म्हणाल्या.

"नमुना आहे ना, आजी," मुलगी म्हणाली. "सगळ्या भिंती पेट्यांमधून येतात. आमची माणसं बोल्टने जोडतात. सहा आठवड्यांत चावी तुमच्या हातात. आणि तीस वर्षांची वॉरंटी."

'वॉरंटी' ऐकून थोरल्याचा चेहरा उजळला. तो विमा कंपनीत साहेब होता आणि जगातल्या कुठल्याही वस्तूकडे ती मोडेल कधी या नजरेनेच बघायचा. त्याने बोटांच्या पेरांनी भिंतीवर टकटक केलं. आवाजावरून त्याला काही कळलं नाही, पण जाणकार माणसं असं करतात हे त्याने पाहिलं होतं.

"भक्कम आहे," तो म्हणाला.

थोरल्याला तयार घरच हवं होतं. त्याची कारणं तो सगळ्यांना सांगायचा: वेळ वाचतो, डोक्याला ताप नाही, वॉरंटी आहे. एक कारण मात्र तो बायकोलाही सांगत नव्हता. 'सहजीवन'ला वरचा मजला नव्हता. जावयाने काढलेल्या नकाशात होता, आणि तो बेबीचा होता. खोलीत माणूस पाहुण्यासारखा राहतो, मजल्यावर हक्काने. बहीण एकदा वर चढली की ती काही खाली उतरत नाही, हे विमा कंपनीत नसलेल्या माणसालाही कळलं असतं.

जावई आर्किटेक्ट होता. नकाशाची लांबलचक नळी त्याने झोपलेल्या तान्ह्या मुलासारखी काखेत धरली होती. गाडीतही ती सगळ्यांच्या मांड्यांवर आडवी झोपून आली होती. शहरात त्याच्या हातची म्हणून चार-दोन बांधकामं होती, पण त्यांतल्या एकातही कुणी राहत नव्हतं. वाहनतळं होती आणि एक सार्वजनिक स्वच्छतागृह होतं. थोरला ओळख करून देताना ते स्वच्छतागृह आधी सांगायचा.

"आर्किटेक्टसाहेब, उलगडा आता," थोरला म्हणाला. "दोन वर्षं आम्ही नळीच बघतोय."

जावयाने नमुन्याच्या सोफ्यासमोर, नमुन्याच्या टेबलावर नकाशा पसरला. चारही कोपरे वर उचलत होते. त्याने दोन कोपऱ्यांवर मेणाची सफरचंदं ठेवली आणि दोन कोपरे बायकोला धरायला सांगितले. मग घसा साफ केला. पुढचं वाक्य त्याने आरशासमोर म्हणून पाहिलेलं होतं.

"बाबा, तुम्हाला मी काय सांगावं? तुम्ही शिंपी आहात. गिऱ्हाइकाचं माप न घेता तुम्ही कधी कोट शिवलात? घरही तसंच असतं. माणसाच्या मापाचं पाहिजे. त्या पेटीतल्या घराला काय माहीत तुम्ही कोण, आई कोण?"

वाक्य चांगलं होतं. बेबीला नवऱ्याचा क्षणभर अभिमानही वाटला. मास्तरांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसला. गिऱ्हाइकाला सरळ नाही म्हणायचं असलं की ते असंच करायचे.

"जावईबापू, आयुष्यभर मी मापं घेतली. आता ऐका. शिवलेला कोट बसला नाही की शिंपी चुकला. तयार कोट बसला नाही की माणूस आरशात बघतो आणि म्हणतो, माझंच पोट सुटलंय. तयार मालाला कुणी शिव्या देत नाही. उद्या तुमच्या घरात कुणाचं कुणाशी पटलं नाही, तर काय म्हणतील? आर्किटेक्ट चुकला. आणि आर्किटेक्ट कुणी निवडला? या म्हाताऱ्याने. तयार घरात नाही पटलं, तर ज्याचं त्याने आरशात बघावं."

"वा बाबा!" थोरला म्हणाला.

जावयाने कोपऱ्यावरचं सफरचंद सारखं केलं. सासऱ्याच्या शहाणपणाला उत्तर द्यायचं म्हणजे धावत्या गाडीचं चाक बदलण्यासारखं होतं. शिवाय लग्न झाल्यापासून मास्तर त्याला 'तुम्ही' आणि 'जावईबापू' म्हणत आले होते. मास्तरांच्या तोंडी हा मान तापट गिऱ्हाइकांसाठी राखीव असतो, हे त्याला ठाऊक होतं.

तेवढ्यात एक जोडपं घर बघायला आत आलं. नवरा मोबाईलवर चित्रण करत होता. सोफ्यावर ओळीने बसलेलं कुटुंब बघून बाई थबकली.

"अगं बाई, माणसंही ठेवलीत दाखवायला. किती खरी वाटतात!"

"ती कडेची म्हातारी बघ," नवरा म्हणाला. "अगदी हुबेहूब."

आईंनी नाक खाजवलं. बाई किंचाळून नवऱ्याच्या अंगावर आदळली. पण कंपनीची मुलगी तरबेज होती. "पाहिलंत ना?" ती हात पसरून म्हणाली, "सहा माणसं किती आरामात मावतात! आणि किती खेळीमेळीत!"

त्या वेळी थोरला जावयाच्या नकाशावर बोट आपटत होता, बेबी त्याचं बोट बाजूला सारत होती आणि मास्तर छताकडे बघत होते. जोडप्याने तेही चित्रित करून घेतलं.

जोडपं बाहेर पडल्यावर सून स्वयंपाकघराकडे सरकली. नवरा जे म्हणेल त्याला चारचौघांत दुजोरा द्यायचा आणि घरी गेल्यावर ते बदलायचं, अशी तिची पद्धत होती. तयार घराला तिचा पाठिंबा होता तो एकाच कारणासाठी. ते लवकर उभं राहील आणि हॉलमधला दिवाण हलेल. हॉलमध्ये मैत्रिणींना बोलावून तिला किती तरी दिवस झाले होते. दिवाणावर आई डोळे मिटून पडून असायच्या आणि सगळं ऐकायच्या.

"हे आमचं उघडं स्वयंपाकघर," मुलगी सांगत होती. "ओट्याशी उभं राहिलं की सगळा हॉल दिसतो. बाईमाणूस एकटं पडत नाही."

सून ओट्याशी उभी राहिली. सगळा हॉल दिसला. हॉलमध्ये सासू, सासरे, नणंद, नणंदेचा नवरा आणि स्वतःचा नवरा बसला होता, आणि ते सगळे तिच्याकडे बघत होते. सगळा हॉल दिसतो याचा अर्थ सगळ्या हॉलला ओट्याशी उभी असलेली सून दिसते, हे तिला तिथल्या तिथे उमगलं. मग तिने घरभर बेडरूम मोजल्या आणि त्यांतल्या एका बेडरूममध्ये आपण झोपायचंय ही गोष्ट आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या डोक्यात शिरली. आजवर ते घर सासू-सासऱ्यांचं होतं. त्यात आपण राहायचं, हे ती नुसतं म्हणत आली होती.

ती हॉलमध्ये परत आली ती जिभेवर साखर घेऊनच.

"बाबा, मी काय म्हणते, ते शेजारचं छोटं मॉडेलही बघू या की. 'विसावा'. दोनच खोल्या, पण किती सुटसुटीत! एवढं मोठं घर झाडता झाडता आईंचं कंबरडं मोडेल."

"झाडायला ती कशाला?" मास्तर म्हणाले. "तू असशील ना तिथे."

"हो, म्हणजे आहेच की मी," सून म्हणाली आणि नवऱ्याकडे पाहिलं. थोरल्याने बायकोच्या नजरेतून काहीतरी चुकलंय एवढं ओळखलं. काय चुकलंय ते विचारायची ही जागा नव्हती.

बेबीने नकाशाचे कोपरे सोडले. नकाशा सुर्र करून गुंडाळला गेला आणि एक सफरचंद घरंगळत सोफ्याखाली गेलं.

"अहो, जरा इकडे या," ती नवऱ्याला म्हणाली आणि त्याला बाथरूममध्ये घेऊन गेली. दारावर 'फक्त पाहण्यासाठी, वापरू नये' अशी पाटी होती. दार लावल्यावर तिच्यातलं 'अहो' संपलं.

"वरचा मजला कुणासाठी काढलास तू?"

"आपल्यासाठी. का?"

"मला विचारलंस?"

"तुझं माहेर आहे, बेबी. मला वाटलं तुला आनंद होईल."

"माहेर आहे म्हणूनच विचारतेय! माहेर चार दिवसांचं असतं. तिथे राहायला गेलं की त्याचं सासर होतं. त्या घरातून बाहेर पडायला मी तुझ्याशी लग्न केलं, आणि तू नकाशा काढून मला परत आत घालतोयस!"

जावई नमुन्याच्या कमोडवर बसला. ही बातमी उभ्याने ऐकण्यासारखी नव्हती. "माझ्याशी लग्न त्यासाठी केलंस?"

"तेवढ्यासाठीच नाही," बेबी जरा वरमली. "पण तेही होतंच."

"दोन वर्षं बोलली नाहीस."

"दोन वर्षं मला वाटलं, तुझं कुठलं काम पूर्ण होतंय!"

त्याला आईवडील आठवत नव्हते. काकांकडे आणि नंतर वसतिगृहात तो वाढला. ताट वाढलंय, ये रे, अशी हाक त्याला लहानपणी कुणी मारली नव्हती. बेबीच्या माहेरी पहिल्यांदा गेला त्या दिवशी दुकानावरच्या खोलीत सगळे एकमेकांवर खेकसत जेवत होते, आणि बेबीला ज्याची लाज वाटत होती ते बघून त्याचा ऊर भरून आला होता. नकाशात त्याने मधोमध एक लांब टेबल काढलं होतं. बाकीचं घर त्या टेबलाभोवती नंतर सुचत गेलं. पण हे बाथरूममध्ये बसून सांगण्यासारखं नव्हतं, आणि वाहनतळं बांधणाऱ्या माणसाने तर अजिबातच नाही.

ते बाहेर आले तेव्हा कंपनीची मुलगी मास्तरांच्या पुढ्यात अर्ज ठेवत होती. मास्तरांना 'सहजीवन' पसंत पडलं होतं. किंवा मघाच्या भाषणानंतर दुसरं काही पसंत करणं त्यांना शोभलं नसतं.

"राहणारे किती?" मुलीने विचारलं.

"सहा," मास्तर म्हणाले.

मुलगी लिहिणार तोच सून म्हणाली, "बाबा, सहा कसे?"

"कसे म्हणजे?"

"नाही, म्हणजे लगेच सहा लिहायला हवेत का? अडीअडचणीला आम्ही आहोतच, पण..."

मास्तरांनी पेन खाली ठेवलं. ते थोरल्याकडे वळले. "तू येणार आहेस ना रे राहायला?"

थोरला भिंतीकडे बघू लागला. आता तिच्यावर टकटक करून काही उपयोग नव्हता. "येणार म्हणजे, बाबा, येणारच. फक्त ऑफिस फार लांब पडतं तिथून. आणि फ्लॅट बंद ठेवला की खराब होतो. विम्याच्या दृष्टीनेही बंद घर म्हणजे..."

"बेबी?"

"बाबा, दादा म्हणतोय त्यात तथ्य आहे," बेबी म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच तिला दादाच्या म्हणण्यात तथ्य सापडलं होतं. "लांब पडतंच ते."

"तिलाही लांबच पडेल," थोरला लगेच म्हणाला. "उगाच ओढाताण कशाला तिची?"

"वहिनीचीसुद्धा," बेबी म्हणाली.

"ताईंना माझी फार काळजी," सून म्हणाली.

भांडकुदळ बहीणभाऊ आणि एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या नणंद-भावजया एका सोफ्यावर अशा खांद्याला खांदा लावून बसल्या होत्या, की त्या क्षणी कंपनीने फोटो काढला असता तर 'सहजीवन'च्या जाहिरातीला दुसरा लागला नसता. मास्तरांना हवी होती ती एकी झाली होती. फक्त ती त्यांच्याविरुद्ध झाली होती.

मास्तरांनी अर्ज बाजूला सारला. उंच, ताठ माणूस. बसल्या जागी कुणीतरी त्यांच्या खांद्यांतली खळ काढून घेतल्यासारखा दिसू लागला. आपल्या मागे काय शिजतंय हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. गिऱ्हाईक कोट घ्यायला येणार नाही हे शिंप्याला आधीच कळतं. तरी तो काजं-बटणं करून कोट टांगून ठेवतोच.

"सगळे 'हो' म्हणाला होतात," ते म्हणाले.

"अहो, तुम्ही विचारलंत तेव्हा तुमच्या हातात कात्री होती," आई म्हणाल्या.

सगळ्यांनी वळून पाहिलं. आई इतका वेळ गप्प होत्या, म्हणून त्या घराच्या सामानात धरल्या गेल्या होत्या.

"कुणी येणार नाहीये," आई म्हणाल्या. "मला तर दोन वर्षांपासून माहीत आहे. दिवाणावर पडलं की सगळं ऐकू येतं. ही म्हणते हॉल मोकळा पाहिजे. हा म्हणतो बहिणीने वर चढू नये."

"आई, मी असं कधी..." थोरला म्हणाला.

"फोनवर, गॅलरीत. आणि बेबी घरी येऊन गेली की खाली गाडीत बसताना सुटले बाई म्हणते. हॉलची खिडकी रस्त्यावर आहे." आईंचा आवाज चढला नव्हता. बाजारातून काय काय आणायचं ते सांगावं तशा त्या सांगत होत्या. "मला राग नाही. मलाही तुमच्यात राहायचं नाहीये. कुणाच्या हॉलमध्ये झोपून कंटाळले मी. फक्त हे एकदा कुणीतरी तोंडाने म्हणा, म्हणजे यांना मोठ्या घराची हौस करायला नको."

कंपनीच्या मुलीला अशा वेळी काय म्हणायचं ते शिकवलेलं नव्हतं, म्हणून ती हसतच राहिली.

"मी येईन," जावई म्हणाला.

"अहो!" बेबी म्हणाली.

"तुम्हाला कुणी विचारलं, जावईबापू?" मास्तरांनी विचारलं.

"नाही विचारलं. कधीच नाही. पण मी येईन."

मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. आपण आयुष्यभर एक कुटुंब शिवत आलो आणि शेवटी ते अंगाला आलं तर कुणाच्या, या स्वच्छतागृहवाल्याच्या! त्यांना हसू आलं की रडू, हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही. त्यांनी दोन्ही गिळलं.

आईंनी गुंडाळलेला नकाशा स्वतःच उलगडला. चष्मा नाकावर सारून त्या रेघांतून बोट फिरवू लागल्या. या नकाशाकडे तोवर नीट कुणी पाहिलंच नव्हतं. त्यावर भांडायला तो न बघताही पुरत होता.

"हे काय आहे?"

"खिडकी," जावई म्हणाला. "तुमच्या बाजेच्या डावीकडे. बसल्यावर उजेड हातावर यावा म्हणून खाली घेतलीय. सुईत दोरा ओवायचा असला की तुम्ही दिवाणाच्या त्या टोकाला सरकता आणि डावीकडे वळता. मी पाहिलंय."

आईंनी आयुष्यभर मास्तरांच्या कोटांची काजं केली होती. त्या कुठल्या बाजूला वळून करतात हे मास्तरांनाही सांगता आलं नसतं.

"खिडकी चांगली आहे," आई म्हणाल्या. "एवढं बाकीचं घर कशाला काढलंत मग?"

जावयाला पहिल्यांदाच त्याच्या कामाची दाद मिळाली होती, पण ती अशी.

आई मुलीकडे वळल्या. "ते दोन खोल्यांचं घे बाई. 'विसावा'. त्याला ही खिडकी बसेल का?"

"भिंत कापावी लागेल, आजी. आणि भिंत कापली की वॉरंटी जाते."

"वॉरंटी जाते!" थोरला उठून उभाच राहिला. "आई, तीस वर्षांची वॉरंटी!"

"तुझ्या बाबांची कुठे राहिलीये?" आई म्हणाल्या. "खिडकी पाहिजे."

मुलीने नवा अर्ज काढला आणि चाचरत तोच प्रश्न पुन्हा विचारला. मास्तरांनी पेन उचललं. सोफ्यावरच्या सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. थोरला मोबाईल चाचपत होता. सून ओढणीचा काठ तपासत होती. बेबीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण बापाने आता तरी पुन्हा विचारू नये, असंही ते डोळे म्हणत होते.

"दोन," मास्तर म्हणाले आणि सही केली.

परतताना सगळे पुन्हा त्याच गाडीत कोंबून बसले. नळी पुन्हा सगळ्यांच्या मांड्यांवर आडवी पडली होती, पण या वेळी ती कुणाला टोचत असल्याचं कुणी बोलून दाखवलं नाही.

पुढच्या काही आठवड्यांत मास्तरांनी भेटेल त्याला एकच गोष्ट सांगितली. "मुलांचा फार आग्रह होता हो, मोठं घर घ्या, सगळे एकत्र राहू. मीच नको म्हटलं. म्हातारपणी शांतता हवी." मुलांच्या कानांवर हे गेलं तेव्हा त्यांनीही लगेच री ओढली. "बाबा कुणाचं ऐकतायत का?" थोरला ऑफिसात म्हणाला. बेबीने तर हे सांगताना एकदा डोळेही टिपले. हळूहळू ते सगळ्यांना खरंच वाटू लागलं. त्या कुटुंबात एवढ्या एकमताने ठरलेली ती पहिलीच गोष्ट असावी.

पेट्या आल्या. कंपनीच्या माणसांनी भिंती उभ्या केल्या, बोल्ट आवळले आणि ती गेली. मग जावई आला आणि त्याने भिंत कापली. त्या कामाला तो रोज यायचा. एक खिडकी बसवायला इतके दिवस लागतात का, असं मास्तर रोज विचारायचे, आणि तो यायच्या वेळेला बाहेर खुर्ची टाकून बसायचे.

मास्तर आणि आई राहायला गेले त्या दिवशी सगळे आले. सुनेने पडदे आणले. सगळे पडदे, नवेकोरे. आणि दिवाण सकाळीच विकून आली होती. बेबीने दारात ठेवायला रोपाची कुंडी आणली. थोरल्याने प्रत्येक भिंतीवर टकटक केलं आणि कापलेल्या भिंतीपाशी आल्यावर मान हलवली. घराचं सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं. चहा झाला. मग थोरल्याला काम आठवलं, सुनेला डोकेदुखी आठवली, आणि बेबी नवऱ्याला म्हणाली, "अहो, तुम्ही बिजागरी आवळून या मागून. मी दादाच्या गाडीतून जाते."

बिजागरी आवळून झाली. तरी जावई ती उघडमीट करत राहिला. उन्हं तिरपी होऊन खिडकीतून आत आली होती. आई बाजेवर बसून मास्तरांच्या सदऱ्याचं बटण लावत होत्या आणि दोरा पहिल्या झटक्याला ओवला गेला होता, पण त्यांनी ते बोलून दाखवलं नाही.

"जेवून जाणार ना?" त्यांनी विचारलं.

"नको, कशाला तुम्हाला..." जावई म्हणाला आणि बसला.

आईंनी दात लावून दोरा तोडला. "अहो, आपल्या जावयाचा सदरा बघा. खांदे कोपरापर्यंत उतरलेत. तयार घेतलेला दिसतोय. शिंप्याचा जावई असा फिरतो, लोक काय म्हणत असतील?"

मास्तर कुरकुरत उठले. मशीन दुसऱ्या खोलीत कोपऱ्यात ठेवलं होतं. तिथून ते टेप घेऊन आले. जावयासमोर उभे राहून त्यांनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"ऊठ. हात वर कर," ते म्हणाले.

तो उठला. त्याने हात वर केले आणि छाती पुढे काढून ताठ उभा राहिला. मास्तरांनी टेप त्याच्या छातीभोवती घेतला आणि तसाच सैल धरून थांबले.

"श्वास सोड आधी. फुगवून दिलेल्या मापाचा सदरा घरी गेल्यावर ढगळ होतो."